मुराळ्याची गाडी

मला लिहिण्याची सवय नाही. एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये स्टोअरला तीस वर्षं काढली, तिथे नटबोल्टांच्या चिठ्ठ्यांपलीकडे काही लिहावं लागलं नाही. तरी प्रेमराजभाऊंबद्दल लिहायला बसलो आहे. आमच्या असोद्यात हल्ली लोक म्हणतात, म्हातारा बहिणीला विसरला. मी त्यांच्या शेजारी राहतो. ते विसरले नाहीत. काय झालं ते मला माहीत आहे, आणि त्यात थोडा दोष माझाही आहे.

प्रेमराजभाऊंची पिठाची गिरणी होती. गावातल्या दोन पिढ्या त्यांच्या पिठावर वाढल्या. भुवया, कानावरचे केस, सगळं कायम पांढरं, त्यामुळे ते म्हातारे कधी झाले ते कुणाला कळलंच नाही. गिरणीच्या आवाजाने कान गेले. फोन आला की ते स्पीकर लावूनच बोलतात, आणि त्यांचं बोलणं सगळ्या गल्लीला ऐकू येतं.

आई गेली तेव्हा ते पंधरा वर्षांचे होते आणि बहीण कोकिळा नऊ वर्षांची. वडील शेतात जायचे. तिची वेणी घालायला भाऊ गिरणीवर आलेल्या बायांकडून शिकले. पुढे कोकिळाक्का लग्न होऊन दोंडाईच्याला गेल्या, आणि तेव्हापासून दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, भाऊ त्यांना घ्यायला जायचे.

आखाजीला माहेरी येणं ही बाहेरच्या माणसाला साधी गोष्ट वाटेल. पण आमच्याकडे सासरी गेलेली बाई आपली आपण पिशवी उचलून येत नाही. माहेरचा माणूस न्यायला जावा लागतो. त्याला मुराळी म्हणतात. ज्या बाईचा मुराळी येत नाही तिच्याकडे गल्लीतल्या बाया कसं बघतात, ते मी बघितलेलं आहे. कोकिळाक्कांवर ती वेळ पंचेचाळीस वर्षांत एकदाही आली नव्हती. आधी एस.टी.ने, मग रेल्वेने, आणि शेवटची पंधरा-सोळा वर्षं स्वतःच्या गाडीने.

ती गाडी एका डॉक्टरांनी वापरलेली होती, पांढरी, छोटी. एकदा दोंडाईच्याला कुणाचा तरी मुराळी जीप घेऊन आला, आणि कोकिळाक्कांचे सासरे भाऊंना सगळ्यांसमोर म्हणाले, "आमना मुराळी तं पिशवी लिसन पायी येस." भाऊ हसले, चहा प्यायले, बहिणीला घेऊन आले. दुसऱ्या वर्षी गाडी घेतली. ती एरवी कशालाच वापरायचे नाहीत. जळगावला जायचं तर ते माझ्या मोटारसायकलवर मागे बसायचे आणि गाडी दारात झाकलेली असायची. अमृत, त्यांचा मुलगा, म्हणायचा, "आबांची गाडी वर्षातून एकदा माहेरी जाते."

भाऊंची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, वारल्यावर अमृत जळगावला राहायला गेला आणि घरात भाऊ एकटे राहिले. मग आखाजीचे ते पंधरा-वीस दिवस म्हणजे त्यांचं वर्ष होतं. कोकिळाक्का येताना कपड्यांआधी बोलणं घेऊन यायच्या. पंचेचाळीस वर्षांत त्यांची बोली पुरती तिकडची झाली होती. भाऊ चिडवायचे, "हे शे, ते शे. अगं, तू आमची आहेस का त्यांची?" त्या म्हणायच्या, "बोलानी त्यासनी, भांडानी तुमनी." म्हणजे बोलायला त्यांची, भांडायला तुमची. मग सांजोऱ्या, झोका, गाणी. परत जाताना त्यांच्या पायाशी खारातल्या कैऱ्यांची बरणी असायची. तोंडाला फडकं बांधलेलं, वर दोरी. रस्त्यात बरणी डचमळायची आणि खार थोडा सांडायचाच. कुणी लक्ष दिलं नाही.

मागच्याच्या मागच्या वर्षी आणताना बेटावदच्या अलीकडे एक प्रकार झाला. मी मागे बसलो होतो. भाऊंची नजर आता पूर्वीसारखी राहिलेली नाही म्हणून अमृतने मला सोबत जायला सांगितलं होतं. कोकिळाक्का पुढे, डाव्या बाजूला. पायाखालचं रबरी मॅट सरकलं, आणि त्यांची एक चप्पल गाडीतून खाली, थेट रस्त्यावर गेली. पत्र्याला वीतभर भोक पडलं होतं आणि त्यातून डांबर पळताना दिसत होतं.

"भाऊ, तुन्ही गाडी मन्ही चप्पल खाई गयी!" अक्का इतक्या हसल्या की डोळ्यांना पदर लावावा लागला.

भाऊ हसले नाहीत. उन्हात मागे चालत गेले, चप्पल उचलून आणली, पुसली आणि त्यांच्या पायाजवळ ठेवली.

गेल्या वर्षी चैत्रात त्यांनी मला गाडीजवळ बोलावलं. गाडीला वीस वर्षं होत आली होती, पासिंगची मुदतही संपत होती. अमृत आलेला होता.

"आबा, भंगारात द्या," अमृत म्हणाला. "दारांच्या खालून पापुद्रे निघताहेत. हिच्यावर खर्च करणं म्हणजे मेलेल्या बैलाला पेंड घालणं."

"आन मुराळी कशात जाईल?"

"माझी गाडी आहे ना. मी जातो आत्याला घ्यायला. नाहीतर भाड्याची करा."

"तू गेला तर ती तुझी पाहुणी. मी जिता आहे अजून. आन भाड्याच्या गाडीत मुराळी जात नाही." मग माझ्याकडे वळले, "नाना, तुले काय वाटतं? तू तर जन्मभर गाड्यांतच होता."

मला वाटत होतं की अमृतचं बरोबर आहे. एका ठिकाणचा गंज काढला की शेजारचा दिसतो, हे मी तीस वर्षं पाहिलेलं. पण त्यांच्या तोंडाकडे बघून मी म्हणालो, "दाखवून तर बघू." असं अर्धवट बोलायची माझी जुनी खोड आहे.

नशिराबादला हायवेलगत रमजानचं डेंटिंगचं शेड आहे. पत्र्याच्या कामात त्याचा हात चांगला. त्याने मॅट उचललं, स्क्रू-ड्रायव्हर घेऊन ठिकठिकाणी टोचलं. जिथे टोचलं तिथे तो मुठीपर्यंत आत गेला.

"आबा, पत्रा गेला केव्हाचा," तो म्हणाला. "नुसता रंग उभा आहे."

मग त्याने खालचा चुरा चिमटीत घेतला, वास घेतला आणि विचारलं, "इथं काय ठेवता? बाकी गाडी म्हातारी झालीय, पण ही जागा कशाने तरी खाल्लीय."

भाऊंना कळेना. मलाच आठवलं. मी म्हणालो, "कैऱ्या. खारातल्या."

रमजान हसत सुटला. "सोळा वर्षं मिठाचं पाणी पाजलंत? मग काय राहणार! समुद्रातली बोटसुद्धा टिकली नसती."

भाऊही हसले. "म्हणजे माझ्या बहिणीनंच खाल्ली म्हण की गाडी!" त्या दिवशी ते फार खुशीत होते. गंजाला कारण सापडलं म्हणजे इलाजही सापडणार, असं त्यांना वाटलं असावं.

रमजानने मात्र सरळ सांगितलं. "माझ्या खिशाचं बघितलं तर मी हो म्हणेन. पण तुमचं बघितलं तर म्हणतो, करू नका. मी कापायला लागलो की कुठं थांबेन सांगता येत नाही."

"आखाजीच्या आधी होईल?"

"आखाजीला किती दिवस?"

"सतरा."

"आठ दिवसांत द्यायला पाहिजे तसं."

"मग काप," भाऊ म्हणाले. "तिच्या पायाखालचं आधी कर. तिथं दुप्पट जाड पत्रा टाक. ती बसल्यावर पाय दणकन आपटून बघंल."

परत येताना मोटारसायकलवर मागून त्यांनी माझ्या कानात ओरडून बजावलं, "कोकीला काही सांगायचं नाही. दारात गाडी उभी करीन आन म्हणीन, बस. ठेव पाय." मी मान हलवली.

आठ दिवसांनी गेलो तेव्हा गाडीच्या खालून जमीन दिसत होती. दोन्ही बाजूंचे पायदानाखालचे भाग निघाले होते, सीट ज्या पट्टीवर बसवतात तीही. रमजान वेल्डिंगचा चष्मा वर करून म्हणाला, "आबा, चांगला पत्रा सापडेपर्यंत कापत गेलो. वेल्डिंग धरायला काहीतरी लागतं ना." तो कामचुकार नव्हता. उलट त्याने हातातली दोन कामं बाजूला ठेवली होती.

आखाजीला तीन दिवस उरले आणि गाडी अजून उघडीच होती. अमृत पुन्हा म्हणाला, मी जातो. भाऊंनी ऐकलं नाही. आखाजी आठ दिवस पुढे गेली तर काय बिघडलं, असं त्यांचं म्हणणं होतं. बहीण येणार, वीस दिवस राहणार, मग दिवस इकडचे की तिकडचे. त्यांनी माझ्या ओट्यावर बसून फोन लावला.

"कोकी, यंदा आखाजीला जमत नाही."

"का रे भाऊ? बरा शे ना तू?"

"मी बरा आहे. काम निघालं. मागून बघू."

"मागून?"

"हो, मागून."

"बरं," त्या म्हणाल्या.

फोन ठेवून भाऊंनी माझ्याकडे बघून डोळे मिचकावले, लहान पोरासारखे. मला बरं वाटलं नाही. बाईला आखाजीला येऊ नको म्हणणं म्हणजे काय, हे त्यांना मी सांगायला हवं होतं. त्यांच्या बहिणीचं मी त्यांना काय सांगणार, असं मनात आलं आणि गप्प राहिलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी अक्कांचा फोन मला आला. माझा नंबर त्यांच्याकडे होता, पण त्यावर त्यांनी आधी कधी फोन केला नव्हता.

"नाना, एक विचारू? खरं सांगशात?"

"विचारा ना अक्का."

"भाऊना घर काही झायं का? सून काही बोलनी का?"

"छे छे. तसं काही नाही."

"मंग मन्हं काही चुकनं का?"

त्या वेळी गाडी, भोक, रमजान, सगळं माझ्या जिभेवर होतं. एका वाक्यात सांगून झालं असतं. पण मी शब्द दिला होता. मी म्हणालो, "तसं नाही... म्हणजे... तुम्ही भाऊंनाच विचारा. माझ्याकडून काही नको."

"माले समजनं," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

त्यांना काय समजलं हे मी त्याच क्षणी ओळखलं. तरी लगेच उलटा फोन केला नाही. संध्याकाळी करू म्हटलं. मग वाटलं, आता आठवडाभराचाच प्रश्न आहे, गाडी बघून त्यांचं त्यांनाच कळेल. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. भाऊंनाही नाही.

आखाजीच्या दिवशी भाऊंनी एकट्याने घागर भरली, आईवडिलांच्या नावाने पान वाढलं. लिंबाला झोका बांधला नाही. "ती आल्यावर बांधू," म्हणाले.

त्यानंतर पाचव्या दिवशी गाडी मिळाली. खरोखर चांगलं काम होतं. आतून काळा रंग, वरून नवं मॅट, आणि डाव्या बाजूला दुप्पट जाड पत्रा. रमजान स्वतः त्यावर उभा राहून नाचला. "अक्कांना आणलं की एकदा इकडं दाखवून जा. माणूस बसून लांबचा रस्ता झाला की बोल्ट पुन्हा आवळावे लागतात."

आम्ही पहाटे निघालो. भाऊंनी नवं धोतर नेसलं होतं. अमळनेरच्या पुढे रस्ता खराब लागला तेव्हा त्यांनी मुद्दाम वेग कमी केला नाही आणि मला विचारलं, "आवाज येतो का खालून?" मी म्हटलं, "नाही." "येणारच नाही," ते म्हणाले. सकाळी दहाच्या आधी दोंडाईच्यात पोहोचलो. गल्लीच्या तोंडापासूनच त्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली.

दाराला कुलूप होतं.

भाऊंना वाटलं, बाजारात गेली असेल. ते ओट्यावर बसले. समोरच्या घरातून धुरपदाबाई बाहेर आल्या. त्यांना आम्ही ओळखत होतो, दरवर्षी त्यांच्याकडचा चहा व्हायचा.

"तुमी आते उनात?" आम्ही आत्ता आलो याचं त्यांना नवल वाटलं. "त्या तं गयात सुरतले."

"कधी येणार?"

"येवाना काय? कायमन्या गयात. आखाजीना दुसरा दिन नीलेश उना, बठ्ठं सामान टेम्पोम्हा भरं, नि मायले ली गया."

नीलेश म्हणजे कोकिळाक्कांचा मुलगा. तो सुरतेला कारखान्यात आहे. घर विकून आईला तिकडे न्यायचं, म्हणून तो सहा-सात वर्षं मागे लागला होता. अक्का नाही म्हणायच्या. का, ते मी त्यांच्याच तोंडून ऐकलं होतं. सुरतेहून आखाजीला मला कोण न्यायला येईल, म्हणायच्या.

धुरपदाबाईंना सगळं सांगूनच टाकायचं होतं. "दोन दिन ओट्टावर बसेल व्हत्यात. गाडीना आवाज उना का उठी देखेत. मी सांगं, माय, भाऊ ई जाई. तं म्हनन्यात, भाऊ तरी काय करी, घर आते पोरसनं शे त्यानं. मन्हामुळे त्याले तरास नको. मंग त्यासनीच नीलेशले फोन करा, का ये, ली जाय." मग त्यांनी भाऊंकडे बघून विचारलं, "भाऊ, तुमी का नही उनात?"

भाऊंना ऐकू आलं नाही असं त्या बाईंना वाटलं असेल. पण त्यांना सगळं ऐकू आलं होतं. त्यांनी खिशातून फोन काढला. नंबर मी लावून दिला.

"कोकी, मी तुझ्या ओट्यावर बसलोय."

"दोंडाईचाले?"

"गाडी घेऊन आलो. तुझ्या पायाखालचा पत्रा सडला होता ना. तोच बदलायला टाकली होती. रमजाननं दिवस लावले. तुले सांगणार नव्हतो. दारात उभी करून म्हणणार होतो, बस."

सुरतेकडून मशीनचा का कशाचा तरी आवाज येत होता. मग अक्का बोलल्या. आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

"तू सांगी टाकता तं मी पाय वर लिसन बसती रे, भाऊ."

स्पीकर चालूच होता. धुरपदाबाई पदर तोंडाला लावून आत गेल्या.

"मग मी सुरतला येतो," भाऊ म्हणाले. "आजच येतो. नाना आहे सोबत."

"नको. इतली वाट, नि तुन्हा डोया असा. आठे चौथा मजलावर ऱ्हातस आमी, गाडी लावाले बी जागा नही." मग म्हणाल्या, "आखाजी सरी गयी ना आते."

"पुढच्या वर्षी..."

"देखू." आणि मग त्यांनी विचारलं, "गाडी चांगली झायी का पन?"

"झाली."

"मंग जपी वापर."

आम्ही तिथे आणखी अर्धा तास बसलो असू. धुरपदाबाईंनी चहा आणला, भाऊंनी तो बशीत ओतून पूर्ण प्यायला, कारण नाही म्हणायचं त्यांना सुचलं नाही. कुलूप नवं होतं. नीलेशने आधीच बघून ठेवलेल्या कुणीतरी घर घेतलं होतं, पुढच्या आठवड्यात ते राहायला येणार होते.

परतीच्या वाटेवर मी त्यांना सांगणार होतो की अक्कांनी मला फोन केला होता. शिंदखेड्यापर्यंत शब्द जुळवत होतो. मग अमळनेर आलं, धरणगाव आलं. जळगाव दिसायला लागलं तरी माझं जुळवणंच चाललं होतं. वाटेत दोनदा थांबलो होतो, गाडी तापली म्हणून नव्हे, भाऊंना रस्ता नीट दिसत नव्हता म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, नशिराबादला जायची गरज नाही. पण भाऊ म्हणाले, "त्यानं सांगितलं आहे, दाखवून जा. जायला पाहिजे."

रमजान शेडमधून पळतच आला. हातातली पाना-पेटी खाली ठेवून त्याने पुढचं डावं दार उघडलं.

"बसल्या का अक्का? काय म्हणाल्या?"

मी पायाखालच्या तेलाच्या डागांकडे बघत राहिलो. भाऊ आयुष्यात खोटं बोललेले मला माहीत नाहीत. पायलीला मूठभर पीठ कमी आलं तर ते स्वतःच्या डब्यातलं घालायचे.

"बसली," ते म्हणाले. "पाय आपटून बघितले तिनं. म्हणाली, पत्रा पक्का शे."

रमजानचा चेहरा असा फुलला की मला दुसरीकडे बघावं लागलं. तो गाडीखाली सरकला, एकेक बोल्ट आवळत गेला, आणि खालूनच ओरडून सांगत राहिला की आता दहा वर्षं हात लावायची गरज नाही, फक्त ती कैऱ्यांची बरणी तेवढी डिकीत ठेवा. भाऊ दार धरून उभे होते. त्यांना खालचं काही ऐकू येत नव्हतं, म्हणून ते प्रत्येक वेळी मोठ्याने म्हणत होते, "हो. हो."